एका क्रियापदाची गोष्ट

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आले की आपल्याला थोडेफार लिहिता येते असा एक समज होऊन बसतो. माझाही झाला होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मराठीच्या सरांनी वर्गाला एक काम दिले. महाराष्ट्रातील एखाद्या लघुपट-दिग्दर्शकाच्या सुरुवातीच्या वाटचालीचा परिचय दोन पानांत लिहून आणायचा. निम्म्या वर्गाने तत्काळ नागराज मंजुळे यांचे नाव घेऊन टाकले. त्यात नवल नव्हते. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा माणूस, 'पिस्तुल्या' आणि 'पावसाचा निबंध' या लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार. लिहायला मजकूर भरपूर आणि अभिमान वेगळाच. माझा हात वर जाईपर्यंत मंजुळे संपले होते. सरांनी आपल्या यादीत पाहिले आणि माझ्या वहीवर एक नाव लिहून दिले : फराज आरिफ अन्सारी, मुंबई.

घरी जाऊन मी मोबाईलवर माहिती काढली. 'सिसक' हा 2017 सालचा लघुपट. देशोदेशीच्या महोत्सवांत त्याला अनेक पारितोषिके मिळालेली. त्यानंतरचा 'शीर कोरमा'. त्यात शबाना आझमी, दिव्या दत्ता आणि स्वरा भास्कर. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फ्रेमलाइन' महोत्सवात 2021 साली प्रेक्षकांनी तो सर्वोत्तम लघुपट ठरवलेला. माहिती जमत गेली, मी खुशीत होतो. वही उघडली, समास आखला आणि पहिले वाक्य लिहायला घेतले : 'फराज चित्रपटाकडे वळ...'

आणि तेथेच लेखणी अडली.

कारण फराज यांनी स्वतःविषयी जाहीरपणे सांगितले आहे की, ते नॉन-बायनरी आहेत. म्हणजे आपण केवळ पुरुष आहोत किंवा केवळ स्त्री आहोत, या दोन्हींपैकी एकाही खान्यात त्यांना स्वतःला बसवता येत नाही. इंग्रजीत त्यांच्यासाठी 'ही' किंवा 'शी' न म्हणता 'दे' म्हणतात. इंग्रजीचे बरे आहे. तिथे सर्वनाम बदलले की काम भागते, क्रियापदाला कशाचे सोयरसुतक नसते. आपल्या मराठीत मात्र माणूस नुसता आला म्हणता येत नाही. तो आला, ती आली. वाक्याच्या शेवटी उंबरठ्यावर बसलेल्या म्हातारीसारखे क्रियापद विचारतेच, 'कोण गं? बाई का बुवा?' वळला? वळली? वळले? अर्धा तास मी त्या एका शब्दापाशी बसून होतो. आजीला वाटले, पोराला काही येत नाही म्हणून बसले आहे. तिचे फारसे चुकलेही नव्हते.

सहावीत असताना व्याकरणाच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर तीन लिंगे लिहिली होती. पुल्लिंग, स्त्रीलिंग येईपर्यंत वर्ग शांत होता. 'नपुंसकलिंग' हा शब्द आला आणि मागच्या बाकावरून हसण्याची लाट पुढे आली. मीही हसलो. त्या शब्दाचा नेमका अर्थ आम्हांला ठाऊक नव्हता, पण तो हसण्याचा शब्द आहे एवढे आम्ही गावात राहून शिकलो होतो. कोणाला पाहून शिकलो होतो, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जाणार नाही.

आमचे गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात आहे. पाऊस कमी, जमीन मुरमाड. दिवाळी झाली की गाव निम्मे रिकामे होते. आई-अप्पा कोयता घेऊन कारखान्याकडे जातात आणि आम्ही आजीजवळ राहतो. चुलते वारले तेव्हापासून चुलतीही टोळीत जाते. तिचा मुलगा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. त्याने तसे म्हणू नको असे कधी सांगितले नाही, म्हणून या लेखातही दादाच म्हणेन.

दादासारखी गवळण आमच्या पंचक्रोशीत कोणी केली नाही. सप्ताहाच्या शेवटच्या रात्री गावात सोंगी भारूड होई. दादा चुलतीचे लुगडे नेसून, डोक्यावर घागर घेऊन उभा राहिला की म्हाताऱ्या बायका कौतुकाने बोटे मोडत. पुरुष खिशातून नोटा काढून त्याच्या पदराला लावत. मंडपात त्याचे चालणे, पदर सावरणे, मान वेळावणे यांना टाळ्या पडत. पण तेच चालणे दुसऱ्या दिवशी पारासमोरून गेले की शिट्ट्या पडत. रात्रीचे लुगडे दादाने फेडून ठेवले होते, पण चाल कशी फेडून ठेवणार? ती त्याची स्वतःची होती. गावाने मात्र ती फक्त मंडपापुरती मान्य केली होती.

यात गावाचाच काय दोष काढावा! आपल्याकडचा सिनेमादेखील असाच जन्मला आहे. दादासाहेब फाळके यांच्या 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते, आणि प्रेक्षकांनी ते मुकाट्याने मानून घेतले. 'नटरंग' मधल्या गुणाची परवडही आपण 2010 साली पडद्यावर पाहिली. सोंगाला आपण शंभर वर्षे टाळ्या देत आलो. ते सोंग नव्हते असे कोणी म्हणाले की मग मात्र आपली पंचाईत होते.

ऊसतोडीत माणसांची मोजदाद कोयत्यावर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, उचलही निम्मी. म्हणून आमच्याकडे पोरांची लग्ने लवकर उरकतात. घरात सून येण्यापूर्वी कोयता पुरा झालेला असतो. दादाने लग्नाला नकार दिला. का, ते सांगितले नाही. तेव्हा मुकादमाच्या वहीत माय-लेक मिळून एक कोयता लिहिला गेला. ऊस तोडायला दादा कोणाला हटला नाही. रात्री गाडी भरायची वेळ आली की उसाची मोळी डोक्यावर घेऊन तो फळीवरून ट्रकवर चढे, हे काम गड्यांचे. पहाटे कोपीपुढे चुलतीच्या शेजारी बसून भाकरी थापे, हे काम बायकांचे. दोन्ही कामे तो दोघांइतकी करी, आणि दोन्ही ठिकाणी त्याला हसत. टोळीतले गडी म्हणत, हा बायकांत बसतो; बायका म्हणत, हा गडी आमच्यात कामून बसतो?

सन 2018 मध्ये आमच्या जिल्ह्यातील माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांची बातमी सर्व वर्तमानपत्रांत आली. ललिता या नावाने ते पोलीस दलात भरती झाले होते. पुढे उच्च न्यायालयापर्यंत जाऊन, मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेऊन, ललित या नावाने कामावर रुजू झाले. पारावर कित्येक दिवस तोच विषय चालला होता. काही जण चेष्टा करत होते, पण एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सरकारनं कागद दिलाय म्हणल्यावर खरंच असंल." दादा तेथे बसला होता. मला वाटले, तो काही बोलेल. तो उठून गेला. ललित साळवे यांना आपण पुरुष आहोत हे स्पष्ट ठाऊक होते आणि त्यांनी ते लढून मिळवले. दादाला गडीही व्हायचे नव्हते, बाईही व्हायचे नव्हते. त्याच्यासाठी कोणता कागद मागायचा, हे त्याला तरी कोठे माहीत होते?

पुढच्या वर्षी जत्रेत चार-पाच पोरांनी दादाला पाळण्यापाशी घेरले. त्याच्या चालण्याची नक्कल केली. मी सातवीत होतो, पोरांच्या मागे उभा होतो. सगळे हसले, आणि मी हसलो. दादाने त्या पोरांकडे पाहिलेच नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. एवढेच. बोलला काही नाही. त्या हंगामानंतर तो पुण्याला निघून गेला. तिथे एका खानावळीत भाकरी करतो. गड्यांचे काम का बायकांचे, हे तिथे कोणी विचारत नाही, असे त्याने एकदा फोनवर सांगितले.

आता 'सिसक' कडे येतो. सिसक म्हणजे हुंदका, तोही दाबलेला. मुंबईतील रात्रीची शेवटची लोकल. दिवसभराच्या रगाड्यातून सुटलेले दोन तरुण त्या डब्यात एकमेकांना दिसतात. ते एकमेकांकडे पाहतात. लोकल धावत राहते, स्थानके मागे पडतात. संपूर्ण लघुपटात कोणी एक शब्द बोलत नाही. भारतातील पहिली मूक एलजीबीटीक्यू प्रेमकथा अशी त्याची ओळख करून दिली जाते. माझ्या मोबाईलवर मी त्याची झलक पाहिली. त्या तरुणाने मान वर करून पाहिले मात्र, मी मोबाईल पालथा ठेवला. तशी नजर मी पूर्वी पाहिली होती. पाळण्यापाशी.

बोलपटांचे युग सुरू होऊन जवळजवळ शतक लोटल्यावर एखाद्या दिग्दर्शकाला मूकपट का करावासा वाटावा? तारखा जुळवल्या की उत्तर सापडते. इंग्रजांनी 1860 साली केलेल्या दंडसंहितेतील कलम 377 समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली त्यातून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी तो निकाल रद्द केला. याच न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. म्हणजे मी कोण हे सांगायला परवानगी, पण मी प्रेम कोणावर करतो ते सांगितले तर गुन्हा! शेवटी 6 सप्टेंबर 2018 रोजी घटनापीठाने हा गुन्हा पुसून टाकला. 'सिसक' 2017 चा, म्हणजे नेमका मधल्या काळातला. ज्यांच्या प्रेमाला कायद्याने गुन्हा म्हटले होते, त्यांनी पडद्यावर तरी काय बोलावे? फराज यांनी त्यांच्या तोंडी खोटे संवाद घातले नाहीत. त्यांची गप्प नजर तेवढी पडद्यावर ठेवली आणि बघणाऱ्यावर सोपवले. पदार्पणाच्या काळात माणसाला फार बोलायचे असते, सगळे सांगून टाकायचे असते. अशा वेळी गप्प राहण्याचे धाडस त्यांनी केले, हे मला मोठे वाटते.

कायदा बदलल्यावर आलेल्या 'शीर कोरमा' मध्ये मात्र माणसे बोलतात. त्यातील सायरा नॉन-बायनरी आहे, ती भूमिका दिव्या दत्ता यांनी केली आहे. आणि आईच्या भूमिकेत शबाना आझमी. बाहेरच्या जगाशी नव्हे, तर घरातल्या आईशी बोलायचे आहे, आणि तेच सर्वांत अवघड आहे. ईदला आमच्या वर्गमित्रांच्या घरून येणारा शीरखुर्मा आपण सगळ्यांनी खाल्ला आहे. शेवया, दूध, खारका हे वेगवेगळे पदार्थ एका भांड्यात शिजून एकच चव देतात. नाव तेच का ठेवले असेल, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

माझा हा परिचय लिहिता लिहिता आणखी एक नाव समोर आले. रोहन परशुराम कानवडे. ते समलिंगी आहेत आणि तसे उघड सांगतात. फराज यांची गोष्ट वेगळी, हे मी जाणतो. पण सुरुवात कशी होते, हे त्यांच्याकडूनही शिकण्यासारखे आहे. मुंबईत वाहनचालक वडिलांच्या घरी वाढलेला हा मुलगा, शिक्षण अंतर्गत सजावटीचे, चित्रपटाच्या शाळेत कधी न गेलेला. लघुपट करता करताच शिकला. त्यांच्या 2019 सालच्या 'उ उषाचा' या लघुपटात निरक्षर शेतमजूर बाई आहे. मुलांच्या शाळेतील शिक्षिकेविषयी तिच्या मनात ओढ निर्माण होते आणि त्या ओढीतून तिला अक्षर शिकावेसे वाटते. हे वाचले आणि मुकादमाच्या कागदावर अंगठा टेकवणारी माझी आई आठवली. प्रेमापोटी कोणी उ गिरवायला बसेल, असे आमच्या शाळेच्या पुस्तकांत कोठे नव्हते! याच कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला 2025 साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला तरुण, नातेवाइकांचा लग्नाचा लकडा आणि बालपणीचा मित्र, अशी ती कथा. निवडुंगाची लाल बोंडे आमच्या डोंगरातही असतात. वरची बारीक कुसळे मातीत घासून काढावी लागतात, मगच आतला गोडवा हाती लागतो. दादाच मला ती सोलून देत असे.

तर असे सगळे लिहून झाले, आणि पहिले वाक्य मात्र अजून अपुरेच होते. मी सरांना भेटलो. म्हणालो, "सर, क्रियापद जमत नाही." मला वाटले, ते हसतील. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मलाही हे कोणी शिकवलेलं नाही. तू ठरव. पण का ठरवलंस तेही लिहून आण." हा लेख म्हणजे ते 'का' आहे.

दिवाळीला दादा गावी आला. टोळी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती, म्हणून आईला भेटायला तो एका रात्रीपुरता आला होता. अंगणात गाठोडी बांधून ठेवलेली. चुलती भांडी पोत्यात भरत होती. तिने फाटकाकडे पाहिले आणि हातातली कळशी खाली ठेवली.

"आलं का माझं लेकरू! किती वाळलंय बग. जेवलं का न्हाई?"

आलं. वाळलं. जेवलं. ही वाक्ये मी जन्मभर ऐकत आलो आहे, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती माझ्या कानांत शिरली. चुलतीने उभ्या आयुष्यात व्याकरणाचे पुस्तक पाहिलेले नाही. सहावीच्या वर्गात ज्या लिंगाला आम्ही हसलो, त्याच लिंगात ती आपल्या पंचविशीच्या लेकराला जवळ घेत होती. आमच्याकडे 'माणूस' हा शब्दसुद्धा बोलताना असाच येतो : 'लई चांगलं माणूस हाय.' म्हणजे भाषेत जागा होती. प्रेमाने बोलणाऱ्याला ती सापडत होती. हसणाऱ्याला सापडत नव्हती.

जेवणे झाल्यावर मी आणि दादा ओट्यावर बसलो. मी त्याला फराज यांच्याविषयी सांगितले, लोकलच्या डब्याविषयी सांगितले. तो ऐकत राहिला. मग मी विचारले, "दादा, तुझ्याबद्दल लिहू का? कॉलेजच्या अंकात?"

बराच वेळ तो बोलला नाही. मला वाटले, जत्रेतल्या त्या दिवसाचे आता निघेल. मी मनातल्या मनात माफीचे शब्द जुळवू लागलो.

"लिही," तो म्हणाला. "नाव टाकू नको माझं." आणि थोड्या वेळाने, "अन् लिहिताना हसू नको."

माफीचे शब्द माझ्या तोंडातच राहिले. त्याला सगळे आठवत होते.

पहाटे ट्रॅक्टर आला. गाठोडी चढली, शेळी चढली, चुलती चढली, आई-अप्पा चढले. दादा चुलतीच्या पायाला हात लावून पुण्याच्या गाडीसाठी फाट्याकडे चालू लागला. त्याच त्याच्या चालीने. आजी आतून ओरडली, "गेले का रे तुझे आई-अप्पा?" मी म्हणालो, "गेले."

आणि एकदम थांबलो. आई-अप्पा गेले! बाई आणि पुरुष दोघे एका क्रियापदात मावले होते, आणि कोणाला काही खटकले नव्हते. वडीलधाऱ्या माणसाला आपण हेच रूप मान म्हणून देतो. म्हणजे मायेचे असेल तर 'आलं', मानाचे असेल तर 'आले'. फराज माझ्या नात्यातले नाहीत, तेव्हा मायेचा हक्क मला नाही. मान देण्याचा आहे. कोणी म्हणेल, हे रूप शेवटी पुल्लिंगीच आहे. असेलही. याहून चांगले कोणी सुचवले तर मी ते आनंदाने घेईन. तोवर आजीच्या कंदिलाजवळ बसून अपुरे वाक्य मी पुरे केले :

'फराज चित्रपटाकडे वळले.'

लिहिताना मी हसलो नाही.